फवारणीनंतरचा कफ : सर्दी नव्हे, विषबाधेची सूचना

सन 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले; वीसहून अधिक जण दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, कीटकनाशकांची मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र विष श्वासमार्गात नेमके काय करते, हे फवारणी करणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

निरोगी श्वासनलिकेच्या आतील बाजूस चिकट द्रवाचा पातळ थर असतो. हवेतील धूळ व जंतू त्यात अडकतात. पेशींवरील सूक्ष्म केस, म्हणजेच पक्ष्माभिका, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर घशाकडे ढकलतात. या कार्याचे नियमन करणाऱ्या रासायनिक संदेशवाहकांपैकी ॲसिटिलकोलीन हा प्रमुख होय. मज्जातंतूच्या टोकाशी तो सुटतो, ग्रंथीला स्रवण्याचा निरोप देतो आणि लगेच कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते.

कीटकांना फुफ्फुसे नसतात. शरीराच्या बाजूंवरील रंध्रांतून हवा नलिकांद्वारे थेट ऊतींपर्यंत जाते. तथापि त्यांच्या मज्जासंस्थेतही हाच संदेशवाहक व अशाच प्रकारचे विकर कार्य करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हे विकर निकामी करतात. किडीसाठी लावलेला सापळा माणसालाही लागू पडतो तो यामुळेच.

विकर थांबले की निरोप पुसला जात नाही. ग्रंथी अखंड स्रवत राहतात, श्वासनलिका आकुंचन पावतात आणि श्वसनाचे स्नायू दुर्बल झाल्याने खोकून द्रव बाहेर टाकता येत नाही. पक्ष्माभिकांना हा पूर आवरत नाही. रुग्ण जणू स्वतःच्याच स्रावात बुडतो.

ॲट्रोपीन ग्रंथींवरील हा निरोप अडविते. म्हणूनच डॉक्टर छातीतील घरघर थांबेपर्यंत त्याची मात्रा वाढवितात. स्नायूंचे दौर्बल्य मात्र त्याने जात नाही; त्यासाठी कृत्रिम श्वासोच्छ्वास लागू शकतो. शिवाय फिप्रोनिल किंवा डायफेन्थियुरॉनवर ॲट्रोपीन हा उतारा नव्हे. त्यामुळे डब्यावरील लेबल रुग्णासोबत नेणे अत्यावश्यक आहे.

फवारणीनंतर नाक व तोंडाला पाणी सुटणे, छाती आवळणे, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच सर्दीचे औषध घेत वेळ दवडू नये. रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, डाव्या कुशीवर निजवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. दूध, तूप देऊ नये; उलटी करवू नये.

महाराष्ट्राने 2017 मध्ये विदर्भातील काही जिल्ह्यांत, तर चेन्नईहून तमिळनाडू शासनाने 2023 च्या आरंभी काही घातक कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली. केंद्राच्या 2023 च्या आदेशाने मोनोक्रोटोफॉस 36 एसएल बंद करण्याचा निर्णय झाला. तरी घराच्या कोपऱ्यात जुना डबा असू शकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील शेतकरी सभेत कीड ओळखण्याबरोबरच ही लक्षणे ओळखण्याचाही पाठ अवश्य द्यावा.