पडदे नसलेले वाद्य

बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी एकादशीच्या रात्री कीर्तनास जाऊन बसावे. बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, एका बाजूस पखवाज घुमत असतो आणि जवळच पेटीवाला पट्ट्यांवरून बोटे फिरवीत असतो. पेटीचे एक सुख आहे. तिचे स्वर कारागिराने आधीच लावून ठेवलेले असतात. लहान मुलाने पट्टी दाबली तरी तोच स्वर उमटतो आणि बुवांनी दाबली तरी तोच. सतारीच्या दांडीवरही धातूचे पडदे बांधलेले असतात; ते बोटाला स्वराची जागा दाखवितात. व्हायोलिनचे तसे नाही. त्याच्या दांडीवर पट्टी नाही, पडदा नाही, खूणही नाही. बोट केसभर पुढे सरले तर स्वर चढतो. मागे राहिले तर उतरतो. योग्य जागा सांगणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे वादकाचा कान. म्हणून व्हायोलिनचे शिक्षण बोटांच्या आधी कानाला द्यावे लागते.

हे वाद्य मूळचे परदेशी. सोळाव्या शतकात इटलीमध्ये त्याला आजचे रूप आले. युरोपीय लोकांबरोबर ते मद्रासेस पोहोचले. तेथे बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी ते परदेशी वादकांकडून शिकून घेतले आणि दाक्षिणात्य संगीतात रुजविले. पुढे उत्तर हिंदुस्थानी संगीतानेही त्याला आपले म्हटले. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक खांद्याशी टेकवितो व दुसरे उजव्या पावलावर ठेवतो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्याचा भार पडत नाही आणि तो हात एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे अखंड सरकू शकतो. या अखंड सरकण्यास मींड म्हणतात. पेटीला मींड काढता येत नाही; व्हायोलिनला ती गळ्याइतकीच सहज साधते. पडदे नसणे ही प्रथम उणीव वाटते खरी. परंतु तेच या वाद्याचे मोठे बळ होय.

गळ्याचे आणि व्हायोलिनचे हे नाते पंडित गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. त्यांचे वडील अनंत मनोहर, म्हणजेच अंतूबुवा जोशी, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध संस्थानचे दरबारी गवई होते. गजाननरावांना गायनाची पहिली तालीम वडिलांकडूनच मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जीखाँ आणि विलायत हुसेनखाँ अशा थोर गुरूंकडून त्यांनी विद्या संपादन केली. व्हायोलिन मात्र त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केले. गायनाने त्यांचा कान आधीच घडविला होता. राग ओळखीचे होते, स्वरांचे अंतर मनात ठसलेले होते. वाद्यावर पडदे नव्हते, तरी मनात ते होते. त्यांच्याच हाताखाली गोमंतकातील श्रीधर पार्सेकर (१९२०–१९६४) यांच्यासारखा नामवंत व्हायोलिनवादक तयार झाला.

आजचा विद्यार्थीही याच मार्गाने जातो. प्रारंभी तो गजाच्या घोड्याच्या केसांना राळ लावण्यास शिकतो. कारण राळ नसेल तर गज तारेवरून नुसताच निसटतो. पहिले कित्येक दिवस वाद्यातून दार करकरावे तसा आवाज निघतो. घरच्या माणसांना तो सोसावा लागतो आणि विद्यार्थ्याला त्याची लाज गिळावी लागते. मग तंबोऱ्याच्या साथीने एकच षड्ज लांबच लांब गजाने वाजवावयाचा. तो स्थिर झाला म्हणजे सप्तक, त्यानंतर अलंकार आणि मग पहिला राग. गुरू गातात, शिष्य ते ऐकून प्रथम गातो व नंतर वाजवितो. जे गळ्यात उतरले नाही ते बोटांत उतरत नाही.

रागांची ओळखही कानानेच होते. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. परंतु भूपात गंधाराला मान असतो आणि देशकारात धैवताला. पाचही स्वर अचूक वाजवूनसुद्धा भलत्याच स्वरावर मुक्काम केला तर राग बिघडतो. असे बारकावे समजू लागले म्हणजे विद्यार्थ्याजवळ हळूहळू भांडार साठते. आलाप, विलंबित व द्रुत गती, ताना आणि झाला यांनी रागाची मांडणी पूर्ण होते. त्याच्या जोडीला ठुमरी, नाट्यपद, अभंग आणि धून ही मैफलीच्या शेवटास शोभणारी रचनाही येते.

अभ्यासाची पारख व्हावी म्हणून परीक्षा असतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या शिष्यांच्या परंपरेतून १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही असंख्य विद्यार्थी देतात. महाविद्यालयात गेल्यावर युवक महोत्सवातील स्पर्धा असते. तेथे सामान्यतः पंधरा मिनिटांत राग मांडावा लागतो. अशा वेळी एक मोह हमखास आडवा येतो. वेगाने ताना वाजविल्या की टाळ्या पडतात, म्हणून तरुण वादक आलाप उरकून वेगाकडे धावतो. परंतु धावताना बोट जागा चुकते, आणि मागे तंबोरा अखंड वाजत असल्यामुळे ती चूक लपत नाही. जाणता परीक्षक टाळ्या मोजीत नाही. पहिला षड्ज कसा लागला, हे तो ऐकतो.

साताऱ्याकडील पंडित विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांनी याच वाद्यावर उस्ताद बिस्मिल्लाखाँ यांच्या सनईबरोबर जुगलबंदी केली. कोल्हापुरात जन्मलेले पंडित दा. के. दातार (१९३२–२०१८) यांनी व्हायोलिनमधून गाण्याचा भास निर्माण केला. या सर्वांच्या वाद्यावरही पडदे नव्हते. प्रत्येक स्वराची जागा त्यांना दररोज नव्याने शोधावी लागत असे.

आपल्या गावी व्हायोलिन नसेल, शिकविणारा गुरूही जवळपास नसेल. तरी त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा कोणालाही गिरविता येतो. कीर्तनात बुवांनी स्वर लावला की डोळे मिटून तो ऐकावा, मनात धरावा आणि घरी जाताना हळूच गाऊन पाहावा. चुकला तर पुन्हा लावावा. आपली चूक आपल्याच कानाला कळू लागली, की शिक्षणास आरंभ झाला असे समजावे.