ताप उतरला, सवयी राहिल्या

नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी ठाणे जिल्ह्यातल्या सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात तपासण्या झाल्या आणि ६७ जण कोरोनाबाधित निघाले. त्यातल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतले होते. लस घेतली म्हणजे सुटलो, असे मानणाऱ्यांना तो मोठाच धक्का होता.

खरे तर इशारा दीड वर्ष आधीच मिळाला होता. अमेरिकेतल्या किर्कलंडच्या शुश्रूषागृहाशी जोडलेले १६७ रुग्ण १८ मार्च २०२० पर्यंत सापडले. त्यात १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ पाहुणे होते. चौकशीत जी कारणे निघाली, त्यांत न कळण्यासारखे काहीच नव्हते. कर्मचारी आजारी असूनही कामावर येत होते. काही जण एकाहून अधिक ठिकाणी ड्युटी करत होते. संरक्षक साहित्य कसे वापरायचे याची नीट माहिती नव्हती, सॅनिटायझर पुरत नव्हते. रोजावर पोट असलेली आया तापातही कामावर येते. तिच्या नावाने खडे फोडण्याआधी तिला भरपगारी रजा मिळते का, हे विचारायला हवे.

एका छपराखाली राहणारे सगळेच या तडाख्यात सापडत. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यात देगावच्या निवासी शाळेत विद्यार्थी-कर्मचारी मिळून २२९ जण बाधित आढळले.

गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, राज्यातले निर्बंध उठले. मास्क खिशात गेले आणि वृद्धाश्रमांतल्या कोरोनाच्या आधीपासूनच्या चुका पुन्हा उघड्या पडल्या. एकाच हातमोज्यांनी दोन खाटांवरच्या रुग्णांची स्वच्छता करणे, ही त्यातली नेहमीची. लघवीची पिशवी जमिनीवर टेकवणे, किंवा रुग्णाला उचलताना ती त्याच्या कमरेच्या वर धरणे, ही दुसरी. वर धरल्याने नळीतली लघवी उलटी फिरते आणि दोन्ही चुकांमुळे मूत्रमार्गात जंतू जाऊ शकतात. एकाला खरूज झाली की तिचे चादरी-टॉवेलांतून फिरणे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्याचे कलम १९ दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी आश्रमाची सोय सांगते. पण संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालसारख्या गावात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस बहुधा घरातच असते आणि शुश्रूषा सुनेच्या वाट्याला येते. हा खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला भाग. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. मूत्रपिंडाचे दुखणे तर या पट्ट्याच्या पाचवीलाच पुजलेले. वान धरणावरून १४० गाव योजनेचे गोडे पाणी आले, तरी ते आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला लागते. अशा घरात नळी कशी हाताळायची, कूस कधी बदलायची, हे त्या सुनेला दवाखान्यातून सुट्टी होतानाच कुणीतरी हाताला धरून दाखवायला हवे.