२.५ सेंटिमीटरची अचूकता: पैसे मोजण्याआधी स्वतः मोजा

भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो: "सर, जीपीएस ऑटोस्टिअर घ्यायचं, पण कोणतं?" विक्रेता म्हणतो २.५ सेंटिमीटर. तुम्ही विचारा, "कोणते २.५?"

अचूकता दोन प्रकारची असते. एक, पाठोपाठच्या फेऱ्यांमधली. ती साधारण १५ मिनिटांच्या आतल्या फेऱ्यांवर मोजतात. दुसरी, महिन्याभराने पुन्हा त्याच ओळीवर येण्याची. 'गगन'सारख्या उपग्रह दुरुस्तीवर पहिली साधारण १५ ते ३० सेंटिमीटर मिळते, पण दुसरी त्याहून बरीच ढिली. आरटीकेमध्ये दोन्ही २.५ च्या आसपास राहतात, कारण जमिनीवरचं बेस स्टेशन सतत दुरुस्ती पाठवत असतं. बेस लांब गेला की चूक वाढते. मोबाइलवरून दुरुस्ती घेणार असाल, तर शिवारात रेंज आहे का ते आधी बघा.

आता हिशोब करू. १०० मीटर रुंद रान, १.८ मीटरचा रोटाव्हेटर. हाताने चालवताना २० सेंटिमीटर दुबार गेलं, तर ६३ फेऱ्या लागतात. ३ सेंटिमीटरच दुबार गेलं, तर ५७. सहा फेऱ्यांचं डिझेल आणि वेळ वाचला. तुम्ही एकराने भाडं घेता ना? मग ही बचत तुमच्या खिशात. तासाने घेत असाल, तर ती शेतकऱ्याच्या खिशात जाते! म्हणजे मशीन घेण्याआधी दर कसा लावायचा ते ठरवा.

डेमोच्या दिवशी एवढं कराच. टेप आणि खुंट्या घेऊन जा. सरळ ओळ लावा, दहा फेऱ्या मारा आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी मोजा. सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट आकडा लिहा. अंतर एकदा जास्त, एकदा कमी असं आलटून पालटून येतंय? मग दोष बहुधा उपग्रहाचा नाही. अँटेना मध्यावर नाही किंवा औजार एका बाजूला सरकलंय. अँटेना ४ सेंटिमीटर बाजूला असेल, तर फरक ८ चा दिसतो.

उताराच्या रानातही बघा. अँटेना अडीच मीटर उंच आणि ट्रॅक्टर ५ अंश कलला, तर ती सुमारे २२ सेंटिमीटर बाजूला जाते. कल भरून काढणारा सेन्सर नसेल, तर आरटीकेचे पैसे वाया. आणि एक लक्षात ठेवा: यंत्रणा ट्रॅक्टर सरळ ठेवते, मागचं औजार नाही.

थोडक्यात, नांगरट आणि रोटाव्हेटरचीच कामं असतील, तर स्वस्तातली यंत्रणा चालू शकते. टोकण, सरी किंवा पेरलेल्या ओळीत कोळपणी करायची असेल, तर आरटीकेच हवं. तिथे २० सेंटिमीटर चूक म्हणजे उभं पीक गेलं, आणि सोबत गिऱ्हाईकही. कर्ज काढण्याआधी गेल्या हंगामाची वही उघडा आणि कोणत्या कामाचे किती एकर झाले ते मांडा. उत्तर तिथेच आहे.