स्पॅनिश भाषेची पहिली पायरी

स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा असून संयुक्त राष्ट्रांच्या ६ अधिकृत भाषांपैकी एक आहे. मराठी भाषकाला ती वाटते तितकी परकी नाही. ‘दोस’, ‘त्रेस’, ‘सिएते’ म्हणजे दोन, तीन, सात. दोन्ही भाषांचे मूळ कुल एकच आहे. पोर्तुगीजमधून मराठीत रुळलेला ‘पगार’ तेथे ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे, या रूपात भेटतो.

व्याकरणातही ओळखीच्या खुणा आढळतात. मराठीत लिंगे तीन, स्पॅनिशमध्ये दोनच. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, मात्र बहुधा नामानंतर येते: ‘निन्यो बुएनो’ म्हणजे चांगला मुलगा, ‘निन्या बुएना’ म्हणजे चांगली मुलगी. क्रियापदाच्या प्रत्ययावरून कर्ता कळतो: ‘आब्लो’ (मी बोलतो किंवा बोलते), ‘आब्लास’ (तू बोलतोस किंवा बोलतेस). ‘तू’ हे सर्वनाम तर दोन्हीकडे सारखेच. आदरासाठी ‘उस्तेद’ वापरतात.

खरी कसोटी ‘आहे’ या साध्या शब्दाची. त्यासाठी तेथे दोन क्रियापदे आहेत. ‘सेर’ ओळख व स्वभाव सांगते, तर ‘एस्तार’ अवस्था व ठिकाण. ‘सोय माएस्त्रा’ म्हणजे मी शिक्षिका आहे. ‘एस्तोय एन ला एस्कुएला’ म्हणजे मी शाळेत आहे. येथे गफलत झाल्यास अर्थच पालटतो: ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे, ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे!

म्हणूनच नवशिक्याने सुट्या शब्दांच्या याद्या घोकू नयेत. नाम उपपदासह (‘एल लिब्रो’ – पुस्तक, ‘ला मेसा’ – टेबल) आणि क्रियापद छोट्या वाक्यातूनच आत्मसात करावे.