मंजूर आहे, दारात नाही

पहाटे ५.००
काल भाऊबीज झाली. त्यामुळे आज, २४ ऑक्टोबर २०२५ला, बुलढाण्याच्या मैदानावर पोरं निम्मीच. बाकीची चिखली, मेहकर, लोणारकडे बहिणींच्या घरी पांगलेली. पळवायचं काम सुभेदारसाहेबांचं, मी नुसतं घड्याळ धरतो. भरतीच्या या क्लासमध्ये मी लेखीचा मास्तर. सोळाशे मीटर धावून आलेलं पोरगं धापा टाकत पहिला प्रश्न वेळेचा विचारतं, दुसरा नोकरीचा. आज एकाने तिसराच विचारला, ‘सर, सरकारनं ७९ हजार कोटीचे रणगाडे घेतले म्हंते?’

सकाळी ७.००
चहाबरोबर पेपर. संरक्षण खरेदी परिषदेने काल सुमारे ७९ हजार कोटींच्या प्रस्तावांना मंजुरी दिली, ही बातमी खरी आहे. रणगाडे मात्र त्यात नाहीत. लष्करासाठी आहेत ती साखळी पट्ट्यांच्या गाडीवरून डागायची नाग मार्क-२ क्षेपणास्त्रं, शत्रूच्या रडारचे संकेत टिपणारी फिरती यंत्रणा आणि क्रेन बसवलेले ट्रक. बाकी नौदल आणि हवाई दलाचं. आणि घेतलं तर काहीच नाही. मान्य झाली ती गरज.

सकाळी ८.३०
फळ्यावर नेहमीचे तीन रकाने आखले : मंजुरी, करार, हातात.

हे रकाने पोरांना समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. सगळी सोयाबीनवाल्यांची मुलं. या महिन्यात अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हापासून घरोघरी बापाचं पासबुक कितीदा उघडलं गेलं ते त्यांना ठाऊक आहे. जाहीर झालेला पैसा आणि खात्यातला पैसा यांत किती अंतर असतं, हे त्यांना मी काय शिकवणार?

फक्त लष्कराच्या खरेदीत हे अंतर वर्षांत मोजायचं. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद गरज मान्य करते. मग निविदा, कागदावरची तांत्रिक छाननी, वाळवंटात आणि डोंगरात चाचण्या, किमतीची घासाघीस. मोठी रक्कम असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. त्यानंतर कुठे करारावर सही. वाटेत अट बदलली किंवा एकच कंपनी उरली, तर बरेचदा पुन्हा पहिल्यापासून.

नागचा प्रकल्प १९८३चा. क्षेपणास्त्र आणि त्याची चिलखती गाडी यांचा सुमारे १,८०१ कोटींचा करार झाला २७ मार्च २०२५ला. त्या करारापर्यंत दोन पिढ्यांचे जवान निवृत्त झाले.

मग तेजस. ८३ लढाऊ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१चा. पहिलं विमान मार्च २०२४पर्यंत यायचं होतं. आजच्या तारखेला तिसरा रकाना रिकामा आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मंग काऊन नाई आले सर?’ बरीच कारणं आहेत, त्यातलं ठळक इंजिनाचं. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. ९९ मागवलेली, पहिलं हाती पडलं मार्च २०२५मध्ये. गेल्या शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, तिथली नवी उत्पादन साखळीही सुरू झाली. टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट. पण उड्डाण म्हणजे हवाई दलाच्या ताब्यात देणं नव्हे, हे मी लाल खडूने लिहिलं. याच ओझरला बांधली गेलेली मिग-२१ २६ सप्टेंबरला चंदीगडला निवृत्त झाली आणि हवाई दलाचा लढाऊ ताफा २९ स्क्वॉड्रनवर आला. मान्य संख्या ४२ आहे.

तयार विमान विकत घेतलं तर लवकर येतं का? राफेलचा करार सप्टेंबर २०१६चा, पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२०ला. आणि वाहतुकीची सी-२९५? २०१२ला गरज मान्य, २०२१ला ५६ विमानांचा करार, पहिलं २०२३ला. त्याचा कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये येणार म्हणून विदर्भाने २०२२मध्ये बरीच आशा धरली होती. तो वडोदऱ्याला गेला. हे परीक्षेत विचारत नाहीत, पण मी सांगतोच.

सकाळी ११.००
सुभेदारसाहेब मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे. त्यांचं प्रशिक्षण नगरला, नोकरी बीएमपी-२ या चिलखती गाडीत. मोठेपणाचं बोलणं त्यांना जमत नाही. ‘चालक, तोपची आणि कमांडर सोडून सात माणसं बसतात. मागचे पाठीला पाठ लावून. आणि मागची दारं पोकळ, त्यात डिझेल. राजस्थानात जून महिन्यात आत बसून पाहा.’ तिची जागा घेणाऱ्या नव्या लढाऊ गाडीची चर्चा ते नोकरीत असल्यापासून ऐकत आलेत. गंमत म्हणजे नागची गाडीही बीएमपी-२च्याच सांगाड्यावर बांधलेली आहे. साहेबांना त्याचं वाईट वाटत नाही. गाडी दणकट आहे, म्हणतात, तिची कामं वाढवली पण वय कुणी विचारलं नाही.

दुपारी १.००
भाकरी, वांग्याची भाजी, अर्धा तास डोळा.

दुपारी ३.००
या तासाला मी पाठ केलेलं बोलत नाही.

१ मे २०१९. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस खासगी गाडीतून निघाले होते. भूसुरुंगाने तेही गेले आणि गाडीचा चालकही. त्या यादीत आपल्या जिल्ह्याचे जवान होते. सुरुंगरोधक गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता असतो, म्हणजे स्फोटाचा दाब आत न शिरता दोन्ही बाजूंना फाटतो. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात अशा गाड्या वर्षानुवर्षं बनतात. पुण्याच्या कल्याणी समूहाच्या एम-४ गाड्यांसाठी फेब्रुवारी २०२१मध्ये १७७.९५ कोटींची मागणी नोंदवली गेली. म्हणजे वस्तू देशात होती. पण सुरुंग मोठा असला तर व्ही तळही पुरत नाही, म्हणून आधी रस्ता तपासावा लागतो. गाडी विकत घेतली की काम संपलं, असं समजणारा अधिकारी धोक्याचा.

त्याआधी अडीच महिने पुलवामा. १४ फेब्रुवारी २०१९, लेथपोरा, केंद्रीय दलाच्या ७८ गाड्यांचा ताफा, ४० जवान गेले. मलकापूरचे संजय राजपूत, लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. ते साध्या बसमध्ये होते. सात दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, गृह मंत्रालयाने केंद्रीय दलांच्या सगळ्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानाने जायची परवानगी दिली. तोवर हवालदार-शिपायांना ती नव्हती. विमान नवं घ्यावं लागलं नाही, चाचणी नाही, निविदा नाही. तिकिटाचा एक आदेश. हा आदेश आधी का निघाला नाही, हा प्रश्न मी वर्गात विचारतो. उत्तरपत्रिकेत लिहायला बंदी करतो.

संध्याकाळी ५.३०
मुलाखतीचा सराव. ‘एवढा पैसा विमानांवर कशाला, शाळांवर का नको?’ दोन पोरांनी पाठ केलेलं देशप्रेम ऐकवलं. मोताळ्याच्या मुलीने सांगितलं की करारातली किंमत एका वर्षात जात नाही, हप्त्यांनी जाते, आणि माल उशिरा आला तर जुन्याच्या दुरुस्तीचा खर्च वाढतो. गुण तिला.

रात्री ८.३०
एका वडिलांचा फोन. पोरगा हवाई दलाच्या अग्निवीर वायूचा फॉर्म भरतोय, त्याला नवी विमानं मिळतील ना? मी त्यांना फळ्यावरचंच सांगितलं. ८३च्या मागोमाग आणखी ९७ तेजसचा करार २५ सप्टेंबरला झाला, ६२,३७० कोटींहून अधिकचा. पुरवठा २०२७-२८पासून, सहा वर्षांत पूर्ण. पोरगा २०२६ला भरती झाला, तर त्याची चार वर्षांची मुदत २०३०ला भरते. वेळापत्रक तंतोतंत पाळलं, तरी तो घरी येईल तेव्हा त्या ९७पैकी बरीच विमानं बांधायची राहिलेली असतील.