गिरणी कामगार युनियन
गिरणी कामगार युनियन ही मुंबईतील कापडगिरण्यांतील कामगारांची संघटना मे १९२८ मध्ये स्थापन झाली. 'लाल बावटा' या नावाने ती गिरणगावात अधिक ओळखली जाई.

== पार्श्वभूमी ==
नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्या प्रथम एकत्रितपणे मांडल्या. रविवारची साप्ताहिक सुट्टी हे त्या चळवळीचे फलित होय. १९२६ मध्ये ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. तथापि गिरणीच्या आत सत्ता चाले ती जॉबरची. नोकरी लावणे आणि काढणे बहुधा त्याच्याच हाती असे.

== १९२८ चा संप ==
विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत आणि कताई खात्यात एका माणसाने साच्याच्या दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना मालकांनी आणली. काम वाढणार आणि अनेकांची नोकरी जाणार, हे उघड होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सुमारे सहा महिने संप चालला. त्यात जवळपास दीड लाख कामगार होते. बहुसंख्य कामगार कोकणातले आणि घाटावरचे असल्याने अनेकांनी गावची वाट धरली. गावचे शेत नसते, तर इतका लांब संप निभावणे कठीणच होते.

संप चालू असतानाच ही युनियन जन्मली. अध्यक्ष अ. अ. आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. श्रीपाद अमृत डांगे, र. शि. निंबकर, शां. स. मिरजकर, के. नी. जोगळेकर ही पुढारी मंडळी. स्थापनेच्या वेळी ३२४ असलेली सभासदसंख्या डिसेंबरपर्यंत ५४,००० वर गेली. ही वाढ केवळ भाषणांनी झालेली नाही; गिरणीगिरणीत कामगारांनी स्वतः चालवलेल्या गिरणी समित्यांनी ती घडवली. जॉबरला डावलून तक्रार मांडण्याची सोय कामगाराला या समित्यांमुळे लाभली.

मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी प्रमुख नेते पकडले गेले. त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि सभासदसंख्या झपाट्याने घसरली. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी झालेल्या संपात मात्र युनियन पुन्हा अग्रभागी होती.

== मान्यतेचा प्रश्न ==
१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका विभागातील एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' संघटना ठरवली. वाटाघाटींचा अधिकार तिलाच. ही निवड गुप्त मतदानाने होत नसे. सभासदांची नोंदपुस्तके तपासून निबंधक ती ठरवत. मान्यता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली आणि लाल बावट्याला, कामगार मागे असतानाही, वाटाघाटीच्या खोलीबाहेर राहावे लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात हा कायदा रद्द करावा, हीही एक मागणी होती. त्या संपाचे नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्या 'महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन'कडे होते. नावातील साम्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. या दोन्ही संघटना वेगळ्या आहेत.