मुलाच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय? आधी वही-पेन घ्या!

साडी घेताना आपण पोत पाहतो, पदर पाहतो, रंग जाईल का म्हणून चार वेळा विचारतो. कुकर घेताना शिटी, रबर, झाकण सगळं हाताळून पाहतो. पण मुलगा ‘आई, मला ग्राफिक्स कार्ड पाहिजे’ म्हणाला, की आपण एक तर ‘काही नको ते खेळबिळ’ म्हणून विषय तोडून टाकतो, नाही तर निमूटपणे पैसे काढून देतो. दोन्हींत आपलं म्हणणं काहीच नसतं. पंधरा-वीस हजारांची वस्तू घरात येते आणि घरची बाई तिच्याबद्दल एक अक्षर बोलू शकत नाही, हे काही बरं नव्हे. म्हणून हा लेख.

मी झरी जामणीला राहते. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, बाकीचा वेळ घर. आमच्या भागात सगळे व्यवहार कापसाच्या हंगामावर. वेचणी झाली, कापूस विकला गेला, की मग मोठी खरेदी. त्यामुळे एकदा पैसा गेला की पुढच्या वर्षापर्यंत बोलायचं नाही. चिरंजीव अकरावीत. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला होता. अभ्यास, हिशेब, फॉर्म भरणं, सगळं त्यावर छान चालतं. पण वणीचे मित्र संध्याकाळी एकत्र खेळतात, तो खेळ आमच्याकडे अडखळत चाले. पोरगं नुसतं त्यांच्या गप्पा ऐकत बसे. ‘सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य प्रत्येक आईनं ऐकलेलं असतं. त्यावर मी विरघळले नाही, पण संतापलेही नाही. म्हटलं, आधी मला समजावून सांग, मग बघू.

हे कार्ड करतं तरी काय?

पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपके. हल्लीच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके होतात. खेळ सुरळीत दिसायचा तर हे सगळं चित्र एका सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढावं लागतं. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे हुशार मुनीम. कठीण हिशेब तो चुटकीसरशी करील, पण पन्नास एकरांचा कापूस एकटा मुनीम कसा वेचणार? तिथे हात पाहिजेत. एकेका तासाला एकेक बाई लावली की शेत भराभर मोकळं होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही वेचणीची टोळी. एकेकाचं काम अगदी साधं, पण हजारो जण एकाच वेळी राबतात.

कार्डाच्या खोक्यावर ४ जीबी, ६ जीबी, ८ जीबी असं लिहिलेलं असतं. ती झाली वेचलेला माल ठेवायची जागा. जागा अपुरी पडली की टोळी खोळंबते आणि खेळ अडखळतो. आजच्या नव्या खेळांना ४ जीबी फार तोकडी पडते. पण नुसती जीबी पाहूनही कार्ड घेऊ नका. जी.टी. ७३० हे २०१४ साली निघालेलं कार्ड ४ जीबीचंही मिळतं. गोदाम मोठं, पण टोळीत माणसंच नाहीत, अशी त्याची गत!

आणि हो, ही विद्या नुसती खेळापुरती नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक २०२० साली जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्ठावा आला. त्याची ताकदही ह्याच जातीच्या चिप्सची. ‘राजी’ नावाचा, आपल्या पुराणकथांवर बेतलेला खेळही पुण्याच्याच मंडळींनी बनवून २०२० साली जगापुढे आणला. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर मुलं चित्रपटासारखी हलती चित्रं करायला शिकतात, त्यालाही कार्डाचा उपयोग होतो. तेव्हा ‘खेळच तर आहे’ म्हणून नाक मुरडण्याआधी थोडा विचार करावा.

दुकानात जाण्याआधीची पाच कामं

पहिलं काम, मुलाला विचारा : कोणता खेळ? ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ अगदी साध्या यंत्रावरही चालतो, ‘सायबरपंक’सारख्याला दमदार कार्ड लागतं. जेवायला चार माणसं असताना पन्नास माणसांचं पातेलं कोणी घेत नाही.

दुसरं काम, मॉनिटर पाहा. तो १०८०चा किंवा त्याहून लहान असेल, तर महागड्या कार्डाची निम्मी ताकद वायाच जाणार.

तिसरं काम, दमतंय कोण ते शोधा. खेळ चालू असताना कॉम्प्युटरमधलं टास्क मॅनेजर उघडायला सांगा. त्यात प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स, तिघांचे आकडे दिसतात. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर धापा टाकत असेल तर नवं कार्ड घालून उपयोग नाही. रॅम भरून गेली असेल तर ८ जीबीच्या जोडीला आणखी एक पट्टी टाकून बरंच काम भागतं. आमच्याकडे प्रोसेसर निवांत होता, ग्राफिक्सचा आकडा मात्र सतत शंभरावर.

चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं. कॅबिनेटच्या आत वीज पुरवणारा डबा असतो, त्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. त्याच्यावर किती वॅट लिहिलंय ते टिपून घ्या आणि कार्डासाठी त्यातून वेगळी वायर निघते का तेही पाहा. ऑफिसातून निघालेल्या कॉम्प्युटरमध्ये हा डबा बहुधा लहान असतो आणि वेगळी वायर नसतेच. बरं, बदलू म्हटलं तर त्यातल्या पुष्कळांचं जोडणीचं टोकच निराळं, बाजारातला डबा बसत नाही.

पाचवं काम, फूटपट्टी घ्या. कॅबिनेटच्या आत कार्डाला लांबी-उंचीची किती जागा आहे ते मोजा. कॅबिनेट चपटं असेल तर बुटकं कार्डच घ्यावं लागतं.

हे सगळं मी वहीत लिहिलं : सहा कोअरचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १०८०चा मॉनिटर, लहान एसएमपीएस, जादा वायर नाही. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत : हाती रुपये वीस हजार. त्यातले बरेचसे माझ्या तासिकांचे, थोडे चिरंजीवांच्या बक्षिसाचे. ‘कॉम्प्युटर तुमचा विषय, मला त्यातलं काय कळतं?’ म्हणून हे आधीच बाजूला झाले होते!

एका नावाचे दोन नमुने

मग कार्डांची यादी केली. कसं निवडलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही तोच हिशेब करता येईल.

जी.टी.एक्स. १६५० हे २०१९चं कार्ड. ७५ वॅटवर चालतं, बऱ्याच नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही. पण जीबी चारच. जुनं, स्वस्तात मिळालं तर ठीक, नवं म्हणून पैसे मोजावेत असं नाही.

आर.एक्स. ६६०० हे २०२१चं कार्ड, ८ जीबीचं. ताकदीनं चांगलं, खेळणाऱ्या मुलांचं लाडकं. पण १३२ वॅट खातं, त्याला वेगळी वायर लागते आणि कंपनी ४५० वॅटचा एसएमपीएस सांगते. ज्यांचा डबा मोठा असेल त्यांनी ह्याचा जरूर विचार करावा. आमच्या यंत्रात ते बसणारं नव्हतं.

आर.एक्स. ६५०० एक्स.टी. स्वस्त वाटतं, पण ४ जीबीचं. शिवाय जुन्या मदरबोर्डवर त्याला माल ने-आण करायला अरुंद वाट मिळते, त्यामुळे ते आणखी मंदावतं. इंटेलचं आर्क बी ५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं १२ जीबीचं कार्ड पैशांच्या मानानं उत्तम, पण ते नव्या यंत्रांसाठी. जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा पूर्ण गुण येत नाही. २०२५ साली आलेली आर.टी.एक्स. ५०५० आणि ५०६० ही कार्डं अमेरिकेत अनुक्रमे २४९ आणि २९९ डॉलरना निघाली. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरून भाव वर जातो, आणि डबा मोठा लागतो तो वेगळाच.

राहिलं आर.टी.एक्स. ३०५०. पण इथे सावध! ह्या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. २०२२चं ८ जीबीचं, ते १३० वॅटचं. आणि २०२४चं ६ जीबीचं, ते ७० वॅटचं. त्याच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही, ३०० वॅटचा डबा पुरतो. आठवालं ताकदीनं सरस, आमच्या यंत्राला झेपणारं मात्र सहावालं. तेव्हा बिलावर नुसतं ‘३०५०’ लिहून घेऊ नका, जीबीसकट पूर्ण नाव लिहून घ्या.

विजेचाही हिशेब मांडला. रोज दोन तास धरले तर ७० वॅटचं कार्ड महिन्याला चार युनिटच्या आसपास खातं. म्हणजे तेवढा वेळ छताचा एक जुना पंखा चालवल्यासारखंच. १३२ वॅटचं आठ युनिटच्या जवळ जातं.

दुकानदारापुढे

आम्ही दोघं मायलेक दुकानात गेलो. सगळं बोलणं मुलाशी, माझ्याकडे कोणी पाहीना. किंमत विचारली तर, ‘ताई, तुम्ही भाऊंनाच पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’ मी वही उघडली आणि विचारलं, ‘ह्याला किती वॅटचा एसएमपीएस लागेल? वायर सहाची की आठची?’ त्यानंतर खुर्ची आली, चहासुद्धा आला! मोठं कार्ड दाखवणं चालूच होतं, पण वहीतल्या आकड्यांपुढे ते टिकलं नाही. सहा जीबीचं कार्ड अठरा हजारांच्या आत बसलं, उरलेल्यात रॅमची एक जुनी पट्टी तपासून घेतली. भाव सारखे खालीवर होतात आणि २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव चांगलेच चढले, म्हणून माझ्या आकड्यावर विसंबू नका. तीन ठिकाणचे भाव एकाच दिवशी लिहून घ्या.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर जास्त जपावं. २०२१च्या सुमारास लोकांनी आभासी नाणी कमावण्यासाठी हीच कार्डं रात्रंदिवस राबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या नाण्याची पद्धत बदलली, तो धंदा बसला आणि ती राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. काही लबाड लोक तर जुनाट कार्डावर नव्याचं नाव चढवून विकतात. म्हणून जुनं कार्ड समोर यंत्रात लावून, खेळ अर्धा तास चालवून पाहावं. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम खोटं नाव बऱ्याचदा पकडून देतो. बिल आणि वॉरंटी नसेल तर सरळ निघून यावं. पार्सलनं मागवलंत तर उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि खोकं जपून ठेवा.

घरी आणल्यावर

कार्ड बसवलं, की मॉनिटरची वायर कार्डाच्याच खोबणीत लावा. पुष्कळ मुलं ती जुन्याच जागी ठेवतात आणि ‘काही फरकच नाही’ म्हणून कुरकुरतात. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घालून घ्यावा. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. यंत्र झेपत असेल तर ११ करून घ्यावं.

आपल्या विदर्भातला उन्हाळा कोणाला सांगायला नको. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, कपाटात कोंडू नका. आमच्याकडे तर हवेत कापसाचे तंतूही उडतात, ते पंख्याच्या पात्यांत बसतात. महिन्यातून एकदा प्लग काढून, पंखा बोटानं धरून, मऊ ब्रशनं धूळ झटकावी. ओलं फडकं चुकूनही नको. अर्थिंग तपासून घ्यावं आणि दिवे मिणमिणायला लागले की यंत्र बंद करावं.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. कार्ड आलं म्हणजे पोरगं हातातून गेलं, असं नाही. आम्ही अटी आधीच ठरवल्या : खेळ रोज दोन तास, तोही अभ्यास झाल्यावर, परीक्षेच्या आधी महिनाभर बंद, यंत्र राहील बैठकीत, बंद खोलीत नाही. आणि पैसे लावून खेळायचे खेळ मुळीच नाहीत. तसल्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं देशभर बंदीच आणली आहे, हेही मुलांना सांगून ठेवावं. आमच्या चिरंजीवांनी अटींच्या कागदावर सही केली, खाली माझीही घेतली. कारण एक अट माझ्यावरही आहे : त्या दोन तासांत मी मध्येच दळण आणायला हाक मारायची नाही!

मैत्रिणींनो, ह्यातलं काही अवघड होतं का? नावं तेवढी नवी, व्यवहार आपला रोजचाच. गरज किती, घरात जागा किती, वीज किती, पैसे किती आणि वस्तू टिकेल किती, हेच तर आपण आयुष्यभर विचारत आलो. तेव्हा पुढच्या वेळी मुलगा काही मागू लागला तर ‘मला नाही कळत’ म्हणू नका. ‘बस इथे, सांग मला’ म्हणा. मुलाला जे कळतं ते शिकून घ्यायला आईला कमीपणा कसला?